वाचक विचारतात : रुग्णालयाच्या नोंदींत तोंडाचा कर्करोग कसा दिसतो?

या अंकासाठी निवडलेल्या बहुतेक पत्रांचा उगम एकच आहे. कोणत्या ना कोणत्या रुग्णालयाने आपल्याकडे आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे वय, लिंग, व्यसन आणि रोगाची जागा यांचे तक्ते मांडले, त्यांची बातमी झाली आणि वाचकांनी त्या बातमीत स्वतःला किंवा घरच्या माणसाला शोधले. असे शोधताना कुठे फसगत होते, हे सांगण्यासाठी पहिले उत्तर जरा ऐसपैस दिले आहे.

प्रश्न : एका रुग्णालयातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या कितीतरी पट असल्याचे वर्तमानपत्रात वाचले. माझी पत्नी गेली पस्तीस वर्षे मशेरी लावते. तीच बातमी माझ्यापुढे धरून ती म्हणते, "हा बायकांचा रोग नव्हेच." तिला काय सांगावे?
— निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : बातमीतला आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्यावरून आपल्या पत्नींनी काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत ज्यांचा केसपेपर निघाला तेवढीच माणसे असतात. केसपेपर निघण्याआधी माणसाला त्रास जाणवावा लागतो, तो कोणाला तरी सांगावा लागतो, गाडीभाड्याची सोय व्हावी लागते, सोबत येणारे कोणी मिळावे लागते आणि घरातली कामे दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. आपल्याकडे या पायऱ्या पुरुषाला जितक्या सहज चढता येतात तितक्या खेड्यातल्या बाईला येत नाहीत. त्यामुळे नोंदवहीतले स्त्री-पुरुष प्रमाण हे काही अंशी रोगाचे आणि काही अंशी कोण घराबाहेर पडू शकते याचे प्रमाण असते.

याचा अर्थ पुरुषांचे आधिक्य निव्वळ भास आहे असा नाही. तोंडाचा कर्करोग हा आज भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होते. म्हणजे जगातील अशा रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक. पण पुरुष अधिक का, याचे उत्तर त्यांच्या शरीरात कमी आणि त्यांच्या खिशातल्या पुडीत जास्त आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के होते, तर धुराविना, म्हणजे चघळून, मळून किंवा दातांना लावून तंबाखू घेणारे 24.4 टक्के. स्त्रियांपैकी तंबाखू वापरणाऱ्या सुमारे 17 टक्के होत्या. म्हणजे स्त्रियांचा एकूण आकडा लहान दिसतो तो मुख्यतः तंबाखू न वापरणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे. आपल्या पत्नी त्या मोठ्या गटात मोडत नाहीत. त्यांनी स्वतःची तुलना गावातल्या सगळ्या बायकांशी करण्याऐवजी पस्तीस वर्षे तंबाखू वापरणाऱ्या कोणत्याही माणसाशी करायला हवी.

मशेरी ही तंबाखूच आहे, हेही सांगावे लागते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजल्याने आणि कुटून वस्त्रगाळ केल्याने तिचे मंजन होत नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक बायकांना "तंबाखू खाता का?" असे विचारले की त्या ठामपणे "नाही" म्हणतात आणि ते खोटेही नसते, कारण त्यांच्या लेखी खाणे वेगळे आणि लावणे वेगळे. "दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?" असे विचारले की मग पदराखालची डबी बाहेर येते. ज्या रुग्णालयाच्या छापील अर्जात "तंबाखू : हो/नाही" एवढीच चौकट असते, तिथे अशी बाई निर्व्यसनी म्हणून नोंदली जाते आणि पुढे तिच्याच नोंदीवरून "स्त्रियांत व्यसनाविना कर्करोग" असा निष्कर्ष निघतो.

एकट्या रुग्णालयाच्या नोंदीतली ही उणीव फार पूर्वीच लक्षात आलेली आहे. म्हणूनच मुंबईत 1963 साली लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात शहरातल्या सर्व रुग्णालयांतून आणि मृत्यूच्या नोंदींतून त्या शहराच्या रहिवाशांचे रुग्ण गोळा करतात आणि त्यांना तिथल्या लोकसंख्येने भागतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 साली देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिथे कागदांची वाट पाहत बसून भागणार नव्हते, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे असणाऱ्यांना शोधून तपासणीपर्यंत आणले. रुग्ण दाराशी येईल असे गृहीत धरले असते तर त्यातले किती जण आले असते, हा विचार ती बातमी वाचताना मनात ठेवावा.

एक गोष्ट मात्र रुग्णालयाच्या नोंदी फार चोख सांगतात, ती म्हणजे रोगाची जागा. बाह्यरुग्ण विभागात समोर बसलेल्या माणसाला मी तोंड उघडायला सांगण्याआधी विचारतो, "बार कुठे धरता?" तो काही न बोलता गालावर बाहेरून बोट ठेवतो, बहुधा खालच्या दाढांच्या रेषेत. मग तो आ करतो आणि विजेरीच्या प्रकाशात चट्टा किंवा जखम बहुतेक वेळा त्याच बोटाच्या आतल्या बाजूला सापडते. पाश्चात्त्य देशांत जिभेचा आणि जिभेखालच्या भागाचा कर्करोग अधिक, तर आपल्याकडे गालाच्या आतल्या अस्तराचा, खालच्या हिरडीचा आणि त्या दोहोंमधल्या खोबणीचा अधिक, यामागे हेच साधे कारण आहे. गोऱ्या कातडीच्या, आयुष्यभर उन्हात काम करणाऱ्या लोकांत खालच्या ओठाचा कर्करोग दिसतो, तो आपल्याकडे त्या मानाने कमी.

मशेरी बोटाने हिरडीवर आणि ओठाच्या आतल्या खोबणीत फिरते. तेव्हा आपल्या पत्नींनी आरशासमोर खालचा ओठ पुढे ओढून, मग दोन्ही गाल बोटाने बाजूला सारून नीट पाहावे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा विनाकारण हलू लागलेला दात, यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याला दाखवावे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक गंभीर समजावा. काहीही दिसले नाही, तरी पस्तीस वर्षांच्या सवयीनंतर एकदा जाणकाराकडून तोंड तपासून घेणे योग्यच. आणि मशेरी बंद करायला कोणताही तपासणी अहवाल लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो तंबाखू खात नाही, फक्त सुपारीची पुडी खातो. हल्ली त्याला तिखट अजिबात सोसत नाही आणि घास मोठा असेल तर तोंडात जात नाही. आमच्याकडे खर्रा सगळेच खातात, त्या मानाने सुपारी बरी असे वाटत होते.
— गृहिणी, नागपूर

उत्तर : मुलाला या आठवड्यात दंतवैद्यक महाविद्यालयात किंवा मुखरोगतज्ज्ञांकडे घेऊन जावे. तोंडात जळजळ, तिखट न सोसणे आणि तोंड कमी उघडणे ही सुपारीने होणाऱ्या 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' या विकाराची नेहमीची लक्षणे आहेत. त्यात गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, अस्तर पांढुरके आणि ताठ होते आणि बोट फिरवले तर आत दोऱ्या लागल्यासारखे वाटते. 1952 साली केनियातील भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन केले. तेव्हाही कारण कळायला बराच काळ गेला. आज कारण ठाऊक आहे. सुपारीतील अर्कोलिन हे द्रव्य तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. त्यासाठी तंबाखूची गरज नसते. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, आणि तंबाखूविना खाल्लेल्या विड्यालाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा विकार झालेल्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, पण काहींना वर्षांनंतर होतो, म्हणून अशा रुग्णाला ठरावीक काळाने तपासणीसाठी बोलावत राहतात.

घरी एक साधी चाचणी करता येते. मुलाला त्याच्याच हाताची तीन बोटे, एकावर एक उभी धरून, वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये घालायला सांगावे. ती जात नसतील तर तोंड आखडले आहे असे समजावे. आखडलेले तोंड पूर्ववत होईलच असे आश्वासन कोणी देऊ नये. व्यायाम, औषधे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी काही सुधारणा होते, पण सुपारी चालू असताना यांपैकी कशाचाच उपयोग टिकत नाही.

खर्ऱ्याशी तुलना करून सुपारी बरी ठरत नाही. खर्ऱ्यातही मोठा वाटा सुपारीचाच असतो, वर तंबाखू आणि चुना. रुग्णालयांच्या नोंदींत तरुण वयातले रुग्ण दिसतात त्यांत पुड्यांवर वाढलेली ही पिढी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. साधी सुपारी मात्र किराणा दुकानात बडीशेपेच्या शेजारी लटकलेली असते आणि म्हणूनच आईवडिलांचे तिच्याकडे लक्ष जात नाही.

प्रश्न : आमच्या रुग्णालयातील मागील पाच वर्षांच्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. वय, लिंग, जागा, अवस्था आणि व्यसन यांचे तक्ते तयार आहेत. मार्गदर्शक म्हणतात की यावरून "प्रादुर्भाव" हा शब्द वापरू नकोस. मग या तक्त्यांना अर्थ काय उरला?
— दंतवैद्यक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचे मार्गदर्शक बरोबर सांगत आहेत. ज्या लोकसंख्येतून रुग्ण आले ती ठाऊक नसताना प्रादुर्भावाचा दर, म्हणजे ठरावीक लोकसंख्येमागे किती जणांना रोग होतो हे प्रमाण, काढता येत नाही; भागाकाराला छेदच नाही. तरीही तक्त्यांना पुष्कळ अर्थ आहे. रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचले, पहिल्या लक्षणापासून पहिल्या केसपेपरपर्यंत किती महिने गेले, मध्ये किती दारे झाली, हे फक्त रुग्णालयच सांगू शकते. तुमच्या प्रबंधात हाच भाग सर्वांत मोलाचा ठरेल असे मला वाटते, आणि नेमका तोच बहुतेक जण एका परिच्छेदात उरकतात. हललेला दात कोणीतरी काढला, खाच भरलीच नाही, आणि तीन महिन्यांनी रुग्ण आला, ही हकिकत तुमच्या केसपेपरांत वारंवार भेटेल. ती मोजा.

आता काही सापळे. पहिला सापळा जिभेचा. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जिभेच्या मुळाचा क्रमांक सी 01 आणि उरलेल्या जिभेचा सी 02 आहे, पण जिभेचे मूळ शरीररचनेनुसार घशात मोडते, तोंडात नाही. नोंदवहीत नुसते "जीभ" लिहिलेले असेल तर मूळ कागद काढून पाहावा. मऊ टाळूचीही हीच गत. दुसरा सापळा मोजणीचा : दुसरीकडे निदान होऊन तुमच्याकडे फक्त किरणोपचारासाठी आलेला रुग्ण, रोग उलटून आलेला जुना रुग्ण आणि नवा रुग्ण हे तिघे एकाच ओळीत बसले, तर अवस्थांचा तक्ता निरर्थक होतो. तिसरा सापळा रिकाम्या रकान्याचा. व्यसनाचा रकाना कोरा असणे म्हणजे व्यसन नसणे असे कधीही धरू नये. "नोंद नाही" असा वेगळा गट ठेवावा, तो कितीही मोठा आणि लाजिरवाणा दिसला तरी.

अवस्थांची तुलना जुन्या वर्षांशी करणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. 2018 पासून लागू झालेल्या, कर्करोगाची अवस्था ठरवण्याच्या (टीएनएम) वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत गाठीच्या लांबी-रुंदीबरोबर ती किती खोल गेली आहे हेही पाहतात. पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली लहान गाठ आता पहिल्या टप्प्यात राहत नाही. त्यामुळे रोग तोच असून कागदावर अवस्था वाढलेली दिसू शकते. सरासरी वयाबाबतही घाई नको. आपल्या देशाची लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे आपले रुग्ण युरोपातील रुग्णांपेक्षा सरासरीने तरुण निघणारच. तेवढ्यावरून आपल्याकडे रोग लवकर होतो असे सिद्ध होत नाही.

व्यसन आणि रोग यांचा संबंध दाखवायचा असेल तर तुलनेसाठी रोग नसलेल्यांचा गट लागतो. रुग्णालयातूनही हे उत्तम करता येते. मुंबईतील संशोधक सांघवी, राव आणि खानोलकर यांनी 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्करोगाच्या रुग्णांची तंबाखू ओढण्याची आणि चघळण्याची सवय इतर रुग्णांच्या सवयीशी ताडून पाहिली होती. तुलनेचा गट निवडताना हृदयविकार किंवा फुफ्फुसांच्या रोगाचे रुग्ण घेऊ नयेत, कारण त्यांच्यातही तंबाखू वापरणारे जास्त असतात आणि मग फरक झाकला जातो.

प्रश्न : माझी आजी धुमटीचे, म्हणजे पानात वळलेल्या तंबाखूच्या विडीचे, जळते टोक तोंडात धरून ओढत असे. ते खरेच इतके वाईट होते का? तिला काही झाले नाही.
— वाचक, पणजी

उत्तर : आजींना काही झाले नाही हे चांगलेच झाले. उलटी धुमटी ओढण्याची गोव्यातील सवय 1970 च्या दशकात अभ्यासली गेली आहे. तिचे अधिक ठळक रूप आंध्रच्या किनारपट्टीवर, श्रीकाकुलम आणि विशाखापट्टणम भागात दिसते. तिथे विशेषतः स्त्रिया चुट्ट्याचे, म्हणजे तंबाखूच्या चिरुटाचे, जळते टोक तोंडात धरतात आणि तिथल्या रुग्णांत एरवी दुर्मीळ असलेला कठीण टाळूचा कर्करोग पुष्कळ आढळतो. धूर आणि धग दोन्ही थेट टाळूवर लागतात. वर गालाबद्दल जे सांगितले तेच इथे टाळूबाबत घडते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बेचाळिसाव्या वर्षी जिभेच्या कडेचा कर्करोग झाला. त्याने आयुष्यात सुपारीचे खांडही खाल्ले नाही, दारूही घेत नाही. आता नातेवाईक म्हणतात, "लपून खात असेल." एका बातमीत तर लिहिले होते की रुग्णालयातील बहुतेक सर्व रुग्ण तंबाखू खाणारे होते.
— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर : "बहुतेक सर्व" म्हणजे सर्व नव्हेत, आणि जे उरतात त्यांत आपल्या भावासारखी माणसे असतात. कोणतेही व्यसन नसलेल्यांना होणारा तोंडाचा कर्करोग अनेकदा जिभेच्या कडेलाच असतो. त्याचे निश्चित कारण प्रत्येक वेळी सापडत नाही. तुटलेल्या किंवा अणकुचीदार दाताने एकाच जागी वर्षानुवर्षे होणारे घर्षण काही रुग्णांत दिसते, मात्र तेच मूळ कारण होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पॅपिलोमा विषाणूचे नाव आपण ऐकले असेल. त्याचा ठळक संबंध टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगाशी आहे, जिभेच्या पुढच्या भागाशी फार थोडा. नातेवाइकांना सांगायचे तर एवढेच सांगावे की आजाऱ्याची उलटतपासणी घेऊन निदान बदलत नाही.

उपचारांबाबत एक माहिती कामी येईल. अशा लहान गाठीतही, मानेत हाताला काही लागत नसताना, मानेतील ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात असा सल्ला डॉक्टर देतात तेव्हा कुटुंबीय बिचकतात. टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहून नंतर काढलेल्यांपैकी 67.5 टक्के. आपल्या भावाच्या शल्यचिकित्सकांनी असे सुचवले असेल तर त्यामागे हा आधार असू शकतो.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीतर्फे मुखतपासणी शिबिर घ्यायचे आहे. मोठे डॉक्टर मिळत नाहीत. शिवाय लोक म्हणतात, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.
— ग्रामपंचायत सदस्य, माढा तालुका

उत्तर : मोठे डॉक्टर नसले तरी शिबिर अवश्य घ्यावे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून तेरा पंचायतींमध्ये झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी 35 वर्षांवरील लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी, उजेडात तपासली. ज्या पंचायतींत अशी तपासणी झाली तिथे तंबाखू किंवा दारू वापरणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी असल्याचे 2005 साली दिसून आले. तेव्हा आशाताई आणि परिचारिका यांना जवळच्या दंतवैद्यक महाविद्यालयात एक-दोन दिवस प्रशिक्षण द्यावे. विजेरी, लाकडी चपट्या काड्या आणि हातमोजे एवढे साहित्य पुरे. ज्यांना व्यसन आहे त्यांना आधी बोलवावे. कवळी वापरणाऱ्यांना ती काढायला लावून पाहावे, कारण तिच्याखालचे हमखास राहून जाते.

तपासणीसाठी तुकडा काढल्याने (बायोप्सीने) कर्करोग पसरत नाही. हा समज टिकून राहतो त्याचे कारण असे की रुग्ण येतो तेव्हाच बहुधा रोग पुढे गेलेला असतो, तुकडा काढल्यानंतरचे काही आठवडे पैशांच्या आणि रजेच्या जुळवाजुळवीत जातात, आणि मधल्या काळात वाढलेल्या गाठीचे खापर सुईवर किंवा सुरीवर फुटते. तपासणीनंतर उपचार लगेच सुरू होतील अशी व्यवस्था आधीच लावली, तर हा समज बराच मागे पडतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. कोणती कागदपत्रे लागतात ते योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून शिबिराआधीच लिहून घ्यावे.

केरळमध्येही पुढील तपासणीसाठी पाठवलेले सगळे जण गेले नव्हते. म्हणून शिबिराच्या दिवशी चट्टा सापडलेल्या प्रत्येकाचे नाव, घरातल्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णालयात जाण्याचा वार एका वहीत लिहावा, आणि त्या वारानंतर दोन दिवसांनी कोणीतरी ती वही घेऊन घरोघरी जावे.